खडकाच्या भेगांत रंगीत झाडं : दोन पावसाळे गेले, तिसऱ्याआधी सल्ला हवाय

कातळवेल | ३ मे, सकाळी ७:४०

भोरजवळ आमचं छोटं घर आहे. घरामागे उतार आणि त्यात काळ्या दगडाची उघडी पाठ. तिथे रंगीत फुलांची दगडी बाग करायची माझी फार इच्छा. दोन वर्षांपूर्वी मुरमाचा आणि काळ्या मातीचा बारा फूट बाय सात फुटांचा ढीग घातला, चिवड्यात शेंगदाणे पेरावेत तसे त्यात दगड बसवले आणि मधल्या जागेत ऑफिस टाइम (चिनी गुलाब), कलांचो, इचेवेरिया, सीडम, गझानिया, जे जे नर्सरीत दिसलं ते लावलं. मेपर्यंत बघत राहावं असं रूप होतं. ऑगस्टमध्ये सगळं मानेपाशी मऊ पडलं. बोटाने हलवलं की शेंडा हातात यायचा. मागच्या वर्षी पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

मला कोडं पडलंय ते वेगळंच. वाफ्यातली सदाफुली दर पावसाळ्यात कुजते. पण घराच्या दगडी पायऱ्यांच्या सांध्यात एक सदाफुली आपोआप उगवली आहे. तिला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. ती बारा महिने फुललेली असते, मेच्या उन्हातही आणि जुलैच्या झडीतही. मूठभरसुद्धा माती नाही तिथे. तिला असं काय मिळतंय जे मी ढिगातल्या झाडांना देऊ शकले नाही?

पावसाला महिनाभर आहे. पुन्हा खोदायची तयारी आहे. कृपया मार्गदर्शन करा.

---

माळरान | ३ मे, दुपारी १२:१५

ताई, तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. पायरीतल्या सदाफुलीची मान कोरडी आहे आणि मुळं गार आहेत. ढिगातल्या झाडांचं नेमकं उलटं होतं.

आपण समजतो झाड उन्हाने मरतं. आपल्याकडे दगडी बागेतली बहुतेक झाडं पावसाने मरतात. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे चार दिवस ओल साचून राहिली की बुरशी शिरते. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, मुळांभोवतीची हवा संपवते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. म्हणजे दोन्हीकडून मार.

दगडाच्या फटीत पाणी पडलं की ते थांबत नाही, खाली जातं. मूळ त्याच्या मागे जातं. वर दगड तापलेला असला तरी हात-दीड हात खाली, दोन दगडांच्या मध्ये, ओल आणि गारवा टिकतो, कारण दगडाने झाकलेल्या जागेतून वाफ उडायला वाट कमी. वर कोरडं, खाली ओलं. बस एवढंच रहस्य आहे.

तीन गोष्टी सांगा. ढिगाखाली काय आहे? उतार कोणत्या दिशेला? आणि लव्हाळा आहे का?

---

कातळवेल | ३ मे, रात्री ९:०५

ढिगाखाली घर बांधताना दाबलेला मुरूम आहे, पहार मारली तर ठण्ण वाजते. उतार पश्चिमेला. आणि लव्हाळा... हो, आहे. भरपूर.

---

माळरान | ४ मे, सकाळी ६:५०

मग ढीग नाही, ती परात झाली आहे. वरून पडलेलं पाणी दाबलेल्या मुरमावर जाऊन थांबतं आणि खालून वर ओल चढते. आधी तळ फोडा. खालच्या अंगाला पाणी बाहेर पडायला दगडांनी भरलेला चर काढा.

लव्हाळ्याबद्दल कळकळीने सांगतो. एक गाठ जरी दगडाखाली राहिली तरी ती फटीतून वर येणारच आणि मग दगड हलवल्याशिवाय निघणार नाही. खुरप्याने वरचं पातं ओढून काही होत नाही, ते खालच्या गाठीपाशी तुटतं. मी माझ्या बागेतला चार फुटांचा तुकडा याच कारणाने पूर्ण उचकटून पुन्हा बांधला आहे. दगड बसवण्याआधी माती चाळा, पाणी मारा, पंधरा दिवस थांबा, जे उगवेल ते गाठीसकट काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दगड बसल्यावर ते करताच येत नाही.

---

बर्फाळवाट | ४ मे, सकाळी ८:३०

मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उपनगरात राहतो. मूळचा साताऱ्याचा. इकडे या प्रकाराला वाहिलेले लोक आहेत म्हणून लिहितो.

तुम्ही केलंत तशी मातीत सुटे दगड खोवलेली बाग इथेही पूर्वी सर्रास असे. पुढे चेक देशातल्या बागकामवाल्यांनी दगड आडवे न ठेवता पुस्तकं कपाटात उभी लावावीत तसे उभे, एकमेकांना जवळजवळ चिकटून लावायची पद्धत रुजवली. झ्देनेक झ्वोलानेक यांचं नाव त्यात आवर्जून घेतात. दोन दगडांत बोट-दोन बोटं फट, दगडाचा निम्मा भाग जमिनीत, सगळ्या दगडांचा कल एकाच दिशेला. डोंगरात खडकाचे थर उभे वर आलेले असतात ना, तसं दिसतं. मातीचा उघडा पृष्ठभाग जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे तणही कमी. इथल्या डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समध्ये पानायोटी केलाइडिस यांनी १९८० च्या सुमारास दगडी बाग उभी केली, तिथे मी तासन् तास घालवले आहेत.

आमच्याकडे वर्षाचा पाऊस-बर्फ धरून ३५-४० सेंटीमीटर पाणी. पुण्यात त्याच्या दुपटीच्या आसपास, तेही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून आमची झाडं तुम्ही लावू नका. डेलोस्पर्मा नावाचं दक्षिण आफ्रिकेचं झाड इथे उणे वीस अंशांत तगतं, मेमध्ये जांभळा गालिचा होतो. तुमच्या पावसात ते टिकायचं नाही. पण रोग दोन्हीकडे एकच. इथे थंडीला आम्ही घाबरत नाही, थंडीतल्या साचलेल्या ओलीला घाबरतो.

एक युक्ती तुमच्या कामाची आहे. इथे लुइसिया म्हणून एक झाड आहे, गुलाबासारखी मांसल पानांची चक्री आणि गुलाबी-नारिंगी फुलं. सपाट जमिनीत लावलं की चक्रीत पाणी साचून कुजतं. तेच उभ्या फटीत आडवं, म्हणजे तोंड समोर करून लावलं की पाणी ओघळून जातं आणि झाड वर्षानुवर्षं राहतं. तुमची इचेवेरिया अशी आडवी लावून बघा.

(लुइसियाच्या एका जातीच्या नावातच ‘पुन्हा जिवंत झालेली’ असा अर्थ आहे. १८०६ साली अमेरिकेतला शोधप्रवासी मेरिवेदर लुइसने वाळवून नेलेल्या नमुन्यातलं मूळ काही वर्षांनी लावलं तर त्याला पालवी फुटली. मला ही गोष्ट फार आवडते.)

---

गडग्यावरची | ४ मे, दुपारी ३:२०

माझं माहेर राजापूरकडे. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तरी दगडातली झाडं बघायची तर आमच्याकडे या. कुंपणाला जांभ्याचे गडगे असतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकावर एक. पावसाळ्यात तो गडगा दिसत नाही. शेवाळ, नेचे, तेरडा, मध्येच रानबेगोनियाची गुलाबी फुलं. माझी आजी गडग्याच्या वरच्या चिऱ्यांमध्ये गुलबक्षी आणि लिलीचे कांदे कोंबायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. खाली लावले की कुजतात आणि वर लावले की जगतात हे तिने पाहिलेलं.

गडगा इतक्या पावसात का चालतो? कारण तो दोन्ही बाजूंनी उघडा आहे, वारा आरपार जातो. आणि जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. काळा दगड तसं करत नाही. म्हणून कोकणातलं जसंच्या तसं भोरला करू नका, पण वारा खेळता ठेवा हे मात्र घ्या. झाडांमागे भिंत असेल तर दगड भिंतीपासून सोडून बसवा.

आणि पिंपळ, उंबर, वड यांची रोपं फटीत दिसली की दोन पानांची असतानाच काढा. आमचा दोन वावांचा गडगा एका उंबराने पाडला आहे.

---

कातळवेल | ५ मे, रात्री १०:४०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! उद्या गडी येतोय, ढीग काढतोय.

एक अडचण. उभे लावायला चपटे दगड हवेत. आमच्याकडचं डबर वेडंवाकडं, गोलसर. खाणीतून चपटे निवडून मागवायचे तर दर ऐकून गप्प बसले.

---

माळरान | ६ मे, सकाळी ७:१०

शहाबादी फरशी! जुनी घरं पाडतात तिथे तुटक्या शहाबादीचे ढीग पडलेले असतात, कुणी उचलून नेलं तर त्यांना बरंच वाटतं. हात-दीड हात लांबीचे तुकडे घ्या, तुटलेली कड वर ठेवा, कापलेली सरळ कड जमिनीत. सरळ कड वर आली की फरशीच दिसते, तुटकी आली की खडक दिसतो. रंग राखाडी, त्यावर लाल-पिवळं फार उठून दिसतं. तो चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे माती थोडी अल्कधर्मी राहते. ऑफिस टाइम, कलांचो, युफोर्बिया यांना काही फरक पडत नाही. बाहेरच्या कडेला तुमचं काळं डबर लावा, म्हणजे मागच्या कातळाशी मेळ बसेल.

फटीत भरायला तीन घमेली कच (दगडाचा बारीक चुरा), एक घमेलं चाळलेली माती आणि ओंजळभर जुनं शेणखत. क्रशरवरून कच आणाल ती धुऊन घ्या. तिच्यात जी भुकटी असते ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते आणि सगळी मेहनत वाया. कोकोपीट अजिबात नको.

उताराचं तोंड पश्चिमेला आहे म्हणता. मेमधला काळा दगड दुपारी तीनला हात ठेवू देत नाही. फरश्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण धावू द्या, म्हणजे प्रत्येक फरशीची एक बाजू उगवतीला येईल आणि एक मावळतीला. नाजूक रोप फरशीच्या उगवतीकडच्या अंगाला, चिवट रोप मावळतीच्या. एकाच बागेत दोन हवामानं मिळतात.

---

गच्चीतली_पालवी | ६ मे, दुपारी १:००

मध्येच विचारते. हे गच्चीवर करता येईल का? इमारत तीस वर्षं जुनी आहे.

---

माळरान | ६ मे, दुपारी ४:३५

बाग म्हणून नाही. काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण ऐंशी किलो भरतो, विचार करा. पण एखादी जुनी दगडी डोण मिळाली, गुरांना पाणी ठेवायची, तर तळाला भोक पाडून तिच्यात फरशीचे पाच-सहा तुकडे उभे करा आणि डोण तुळईच्या वर, कठड्याजवळ ठेवा. रिकामी डोणही जड असते, म्हणून आधी माहीतगार माणसाला गच्ची दाखवाच.

---

वनस्पतीवेडा | ७ मे, रात्री ११:१५

धागा आज पाहिला. विषय माझ्या जिवाभावाचा आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

सह्याद्रीचा उभा कडा ही जगातल्या सुंदर दगडी बागांपैकी एक आहे. जून ते ऑक्टोबर एखाद्या गडाची तटबंदी नीट बघा. चिऱ्यांच्या सांध्यांत सोनकी पिवळी, तेरडा गुलाबी, नभाळीचे निळे झुपके. कोरड्या सांध्यात मयूरशिखा नावाचा बोटभर नेचा दिसेल, मोराच्या तुऱ्यासारखी पानं. उन्हाळ्यात ती पानं आवळून तपकिरी होतात, मेली असं वाटतं. पहिल्या पावसानंतर तीच पानं उलगडून हिरवी होतात. बर्फाळवाट यांनी लुइसियाची गोष्ट सांगितली, तिची ही आपली बहीणच.

आणखी एक गंमत. ज्या कुळावरून युरोपातली दगडी बाग ओळखली जाते त्या सॅक्सिफ्रागाचा लॅटिन अर्थ ‘दगड फोडणारी’. आपल्याकडे आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणून हिमालयातली जी बर्जेनिया प्रामुख्याने वापरतात, ती याच कुळातली. तीही कड्यांच्या फटीत वाढते. दोन्ही नावांत दगड फोडण्याचाच अर्थ आहे.

आता मुद्द्याचं. जुन्नर परिसरात डालझेल या वनस्पतितज्ज्ञाला एक झाड सापडलं, १८६५ मध्ये त्याने त्याची नोंद छापली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला फ्रेरिया नाव दिलं. आता शास्त्रज्ञ त्याला बूसेरोशियात घालतात, आपलं नाव शिंदळमाकुडी. जगात फक्त महाराष्ट्रात आढळतं, कड्याच्या फटींतून लोंबतं. त्याच्या जवळच्या भाईबंदांना नावापुरतीच पानं असतात, याला मात्र चांगली मांसल पानं, जी कोरड्या दिवसांत गळतात. फूल चांदणीसारखं, गडद लालसर, त्यावर पिवळे ठिपके. ताई, तुम्हाला हवंय ते सगळं या एका झाडात आहे: रंग, चिवटपणा आणि फटीची आवड.

पण हात जोडून विनंती, कड्यावरून ते आणू नका. हे आणि कुठलंही. लोक कास पाहायला जातात आणि पिशवीतून कंद घेऊन येतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१२ मध्ये ते पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलं, तरी हे थांबलेलं नाही. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, कंद बंगल्याच्या बागेत एक पावसाळा जगतो, आणि सड्यावरची त्याची जागा रिकामी होते. शिंदळमाकुडी फांदीच्या तुकड्यापासून सहज लागते, लागवडीतून वाढवलेली रोपं हौशी लोकांकडे असतात, त्यातलाच तुकडा मिळवा. सोनकी आणि तेरडा यांचं बी स्वतःच्या बांधावर पिकतं तेवढंच घ्या. तुमच्या मागच्या कातळावर मयूरशिखा आधीच असेल. शोधा, आणि तिच्याभोवती बाग बांधा.

---

कातळवेल | ८ मे, सकाळी ७:२०

आहे! तुमचं वाचून सकाळी लगेच कातळ बघितला. वाळक्या तपकिरी मुठी म्हणून मी मागच्या वर्षी यातल्या कितीतरी खरवडून फेकल्या होत्या. फार वाईट वाटलं. आता अकरा मोजल्या. तिथे हात लावणार नाही.

रोपं फटीत बसवायची कशी? बोटभर फटीत कुंडीतला गोळा जात नाही.

---

बर्फाळवाट | ८ मे, रात्री ९:५०

गोळा घालूच नका. कुंडीतली माती पाण्यात पूर्ण धुऊन टाका, नुसती मुळं राहू द्या. फरशी बसवतानाच रोप बसवलं तर उत्तम: एक फरशी उभी करा, मुळं तिच्यावर पंख्यासारखी पसरा, कच-माती टाका, मग दुसरी फरशी टेकवा. मान दगडाच्या कडेच्या पातळीला. वरून बोराएवढे खडे पाचरीसारखे ठोका, म्हणजे रोप हलत नाही आणि मान खड्यांत कोरडी राहते. मोठं भरलेलं रोप घेऊ नका, लहान घ्या. लहानाचं मूळ खाली जायला शिकतं, मोठं रोप कुंडीतल्या सवयी सोडत नाही.

बी असेल तर बारीक वाळूत मिसळून कागदाच्या नळीतून फटीत फुंका.

---

गडग्यावरची | ९ मे, सकाळी ११:३०

रंगांबद्दल थोडं, कारण ताईंना रंग हवेत. बारा महिने सगळं फुललेलं हवं असा हट्ट सोडला तर बाग सोपी होते. मेअखेरच्या वळवाच्या सरीनंतर गुलाबी-पिवळी पावसाळी लिली, ती कांद्यातून येते आणि उरलेला वेळ दगडाखाली झोपते. पावसात तेरडा. त्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एकामागून एक फुलं येत राहतात. ओसरत्या पावसात सोनकी. थंडीत कलांचो आणि व्हर्बिना. फेब्रुवारीपासून ऑफिस टाइम. बारीक सुईसारख्या पानांची जात पावसात जाते, रुंद पानांची जास्त तग धरते, आणि दोन्हींच्या काड्या सप्टेंबरात एखाद्या कुंडीत आडोशाला ठेवल्या की पुढच्या वर्षाची सोय. मागे कायम राहणाऱ्या दोघी, काटेरी युफोर्बिया मिली आणि सदाफुली.

पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचा. दगडांच्या फटी त्यांनाही आवडतात.

---

कातळवेल | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

सगळ्यांना नमस्कार. पावसाळा संपला, म्हणून हिशोब द्यायला आले.

तळ फोडला, चर काढला. लव्हाळ्याच्या गाठी पाच घमेली निघाल्या. शहाबादीचे तुकडे एका पाडलेल्या वाड्यातून मिळाले. तीस मेला काम संपलं.

जुलैत सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही. रोज छत्री घेऊन बघायला जायचे आणि मानेला बोट लावायचे. सत्तेचाळीस रोपांपैकी एकोणचाळीस उभी आहेत. गझानिया सगळे गेले, ते पुन्हा लावणार नाही. सपाट लावलेल्या दोन इचेवेरिया कुजल्या, आडव्या लावलेल्या चारही चांगल्या आहेत, पानांवर थोडे डाग तेवढे. रुंद पानांच्या ऑफिस टाइमने पावसात फुलं दिली नाहीत, पण आता पुन्हा कळ्या धरल्या आहेत. मावळतीकडच्या बाजूला सीडमला मेअखेरीस थोडी झळ बसली होती, ते आता भरलं.

पायरीतल्या सदाफुलीच्या शेंगा वाळल्या होत्या. त्यातलं बी वाळूत मिसळून फटींत फुंकलं. तीन ठिकाणी उगवली आहे. एक अशा फटीत आली आहे जिथे मी काही टाकलंच नव्हतं.

मयूरशिखा अकरा मोजल्या होत्या, पावसात त्या सव्वीस निघाल्या. आता पानं कडेने आवळायला लागली आहेत.

वनस्पतीवेडा, शिंदळमाकुडीचा तुकडा एका मैत्रिणीच्या कुंडीतून मिळाला. उगवतीकडच्या तिसऱ्या फरशीला लावलाय. तीन पानं आहेत. पानं गळायला लागली की पाणी बंद करायचं की आधीच कमी करायचं?

---

वनस्पतीवेडा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२५

आतापासूनच कमी करा. आठवड्यातून एकदा, तेही फरशीच्या मागून, खोडावर नाही. पानं पिवळी झाली की बंद. काड्या सुरकुतल्या तर घाबरू नका आणि कुणाला साफसफाईत उपटू देऊ नका. शेजारी एक खूण ठेवा.